शेजारच्या शेडमधली प्रार्थना

नव्या चादरीची घडी मोडली की खळीचा वास येतो आणि आमच्या शेजारची यंत्रमागाची शेड आठवते. तिथे जमणाऱ्या पेन्टेकोस्टल पंथाच्या ख्रिस्ती मंडळींचे आज मोठे चर्च आहे. तिथून रुग्णालयात रोज जेवण जाते. तेव्हा मात्र रविवारी माग बंद ठेवून ती शेडमध्येच जमत आणि डफावर गाणी म्हणत, सगळे एकदमच, मोठ्याने प्रार्थना करीत.

त्या रविवारी आई तापाने फणफणली होती. तिला दोन दिवस झोप नव्हती. मी आवाजाची तक्रार घेऊन शेडमध्ये गेलो. त्यांचे धर्मगुरू, पास्टर, स्वतः विणकर. त्यांनी डफ खाली ठेवला आणि आपल्या तेलुगू मंडळींना त्यांच्याच भाषेत सांगितले, “आज यांच्या आईसाठी मनातच प्रार्थना करू.” सगळ्यांचे हात वर गेले, ओठ हलू लागले, आवाज मात्र नव्हता. परक्या बाईसाठी त्यांनी आपली रीत बाजूला ठेवली, याचे मोल मला आज कळते.

घरी आई जागीच होती.

“का रं, ती माणसं गप का झाली? भांडलास व्हय?”

“तुला झोप लागावी म्हणून सांगितलं.”

“त्या गाण्यावर आत्ता कुटं डोळा लागत होता की! जा, गाऊ दे त्यांना.”

मी पुन्हा जाऊन आईचा निरोप सांगितला. पास्टरांनी काही न विचारता डफ उचलला. पहिले गाणे संपण्यापूर्वी आई झोपली होती.