मिटल्या डोळ्यांची प्रार्थना

पलटणीचे धर्मगुरू सगळ्यांचे काका होते. आजाऱ्याच्या उशाशी बसावं, घरच्या आठवणीने रडकुंडीला आलेल्याची समजूत घालावी आणि रोज सकाळी परेडला प्रार्थना म्हणावी, हे त्यांचं काम. प्रार्थना संपली की अख्खी पलटण गरजायची, "असंच होवो!" काकांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

"आज काय आवाज लागला होता पोरांचा!" घरी चहा पिताना ते बायकोला सांगत.

"आवाज त्यांचा लागतो आणि मान तुमची ताठ होते," ती म्हणे.

काका प्रार्थना डोळे मिटून म्हणत. इतकी वर्षं, न चुकता. सगळा घोळ तिथेच होता.

एका सकाळी प्रार्थनेला डोळे मिटता मिटताच वाऱ्याने डोळ्यात कचरा गेला. डोळा चोळता चोळता त्यांनी समोर पाहिलं. सुभेदार रांगांमधून फिरत होते. ज्याचे ओठ हलत नसत, त्याच्यापुढे ते थांबत आणि ओठ लगेच हलू लागत. मेसचा आचारी तेवढा तोंड मिटून उभा होता. सुभेदार त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटले.

परेड सुटल्यावर काका तडक मेसमध्ये गेले. आचारी कांदे चिरत होता.

"काय रे, काय म्हणाले सुभेदार?"

"रजा रद्द. उद्या निघणार होतो. बायकोचे दिवस भरलेत, पहिलंच आहे." त्याची सुरी काही थांबली नाही. "नुसतं तोंडानं म्हणायला काय जातं, असं सगळे म्हणतात. पण मी देव मानत नाही, काका. मग तुमच्यासमोर खोटं कसं बोलू?"

काकांना वाईट वाटलं. खरं सांगायचं तर आधी स्वतःचंच वाटलं. ज्या आवाजावर ते एवढे खूश होते, तो निव्वळ सुभेदारांचा धाक होता! आचाऱ्याची आठवण जरा मागून आली आणि मग मात्र ते लाजेने कानकोंडे झाले.

ते मोठ्या साहेबांकडे गेले. सुभेदार तिथेच होते.

"साहेब, आचाऱ्याला घरी जाऊ द्या. आणि उद्यापासून प्रार्थना परेड सुटल्यावर. ज्याला यायचं तो येईल."

"चहा सोडून कोण येतंय, काका?" सुभेदार हसले. "एक चिटपाखरू फिरकणार नाही."

"नाही तर नाही. धाकाने म्हटलेली प्रार्थना मला नको."

"बघा बुवा, मैदान तुमचंच रिकामं होईल," साहेब म्हणाले आणि त्यांनी रजा मंजूर केली.

दुसऱ्या दिवशी परेड सुटली आणि रांगा चहाकडे पळाल्या. काकांसमोर उरले बोटांवर मोजण्याइतके. तरी त्यांनी सुरुवात केली, या वेळी उघड्या डोळ्यांनी.

मध्येच मैदान ओलांडून आचारी आला. खांद्यावर ट्रंक, गाडी गाठायची घाई. प्रार्थना चाललेली पाहून तो कडेला थांबला, ट्रंक खाली ठेवली आणि तोंड मिटून उभा राहिला.

"अरे, गाडी चुकेल तुझी," काका प्रार्थना थांबवून म्हणाले.

"तुमचं होऊ द्या, काका. मधूनच कसा जाऊ?"

काकांनी प्रार्थना पुरी केली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, समोरून 'असंच होवो' येतंय की नाही, याची वाट पाहत उभे राहिले.