आमच्या टाकीला शिंपल्याचा डिंक

"टाकी खाली करानी नही, सांगी ठेवस!" सरपंच अक्का शिडीखालून ओरडल्या. "आठ दिनमा एकदाव पानी येस. बठ्ठा गावले तू पाजशी का?"

"रिकामी करायचीच नाही, अक्का," मी वरून म्हणालो. "म्हणून तर आलोय."

पारोळ्याजवळच्या माझ्या गावाची ही सिमेंटची टाकी. आतल्या भिंतीला, पाणी सर्वांत कमी असतानाही हातभर पाण्याखाली राहणाऱ्या जागी चीर पडली होती. मी रत्नागिरीतल्या एका लॅबमध्ये केमिस्ट आहे. पाण्याखाली चिकटणारा डिंक तयार करणं हे माझं काम. साधा डिंक ओल्या भिंतीला धरत नाही, कारण मध्ये पाण्याचा पातळ थर राहतो. समुद्रातला शिंपला मात्र लाटांचा मार खातही खडक सोडत नाही. त्याच्या डिंकातलं रसायन पाण्याला बाजूला सारून दगडाला पकडतं. आम्ही तसंच रसायन बनवलं होतं. पिण्याच्या पाण्यासाठीचं टेस्टिंगही झालं होतं.

निघताना माझे बॉस कामत सर म्हणाले होते, "गोड्या पाण्यात हे चाललं, तर जळगाव एमआयडीसीत छोटं युनिट काढू. तूच सांभाळ."

त्या वाक्यावर मी आठवडाभर जगत होतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आई-आबांनी शिकवलं, कामत सरांनी काम दिलं. दोन्हीकडचे उपकार आहेत. पण किनाऱ्यावरच्या दमट खोलीत राहून मला एकच गोष्ट हवी होती. संध्याकाळी ओट्यावर आबांशेजारी बसावं आणि सकाळी कामावर जावं. सुट्टीवर आलेला पाहुणा म्हणून नव्हे.

आंघोळ करून मी आतल्या शिडीवर उतरलो. चिरेवर डिंकाचा पॅच दाबून धरला. बसला.

सकाळी तो टाकीच्या तळाशी होता.

आबा बघायला आले होते. म्हणाले, "समिंदरनी इद्या आठे नही चालस, भाऊ."

अक्का हसल्या. मला हसू आलं नाही. जाळीने पॅच वर काढला, तर त्याची पाठ पांढरी होती. आमच्याकडच्या पाण्यात क्षार फार. भिंतीवर त्यांची खपली धरली होती. डिंकाने खपली घट्ट पकडली होती, खपलीने भिंत सोडली होती. लॅबमध्ये आम्ही स्वच्छ दगडांवर टेस्ट घेत होतो.

खपली खरवडायला हवी. पण ती पाण्यात पसरली तर लोक काय पिणार?

मग शिंपला प्रत्यक्षात काय करतो ते आठवलं. त्याला जिभेसारखा एक पाय असतो. तो आधी खडक चाचपतो. मग पायाची वाटी करून जागा झाकतो, आतलं पाणी बाहेर काढतो आणि त्यानंतर डिंक सोडतो. आम्ही त्याचा डिंक घेतला होता, लावायची रीत घेतली नव्हती.

पारोळ्याला जाऊन बेसिन साफ करायचा नवा रबरी पंप आणला. वर्कशॉपमध्ये त्याच्या वाटीला भोक पाडून तारेच्या ब्रशचा दांडा आरपार बसवला, बाजूला नळी जोडली. वाटी भिंतीला दाबायची, आत ब्रश फिरवायचा. नळीचं दुसरं टोक टाकीबाहेर खाली सोडलेलं, त्यातून थोड्या पाण्याबरोबर मळी बाहेर ओढली जायची. खपली निघून खालचं सिमेंट खरखरीत लागलं, तेव्हा नवा पॅच लावला आणि हात बधिर होईपर्यंत दाबून ठेवला.

पुढचं पाणी आलं, टाकी भरली, तरी तिची बाहेरची बाजू कोरडीच राहिली. अक्कांनी तिथे तळहात फिरवून पाहिला. "व्हयनं रे भो, जमनं," एवढंच म्हणाल्या.

मी सरांना फोन लावला.

"छान!" ते म्हणाले. "पण वाटी, ब्रश, नळी आणि तू, हे सगळं डिंकाच्या ट्यूबबरोबर पॅक करता येईल का?"

"लोकांना शिकवता येईल, सर. जळगावहून मी गावोगाव फिरेन."

"दुकानात गिऱ्हाईक ट्यूब मागतं, केमिस्ट मागत नाही. बंदराच्या कामाला पाणबुडे असतात, तिथे हे चालेल. युनिटचं आता नको. सोमवारी ये."

"हो, सर," मी म्हणालो.

प्रयोग जमणं वेगळं आणि माल खपणं वेगळं, हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

आता मी बंदराच्या कामावर असतो. आबा फोनवर दर वेळी टाकीची खबर देतात. परवा म्हणाले, "गळाले लागनी का तुलेच येनं पडी."

ती गळणार नाही. ते काम मी फार नीट केलं आहे.