हृदयाआधी दाढ

नवऱ्याचा खोकला दाखवायला आम्ही जालन्याच्या डॉक्टरांकडे गेलो आणि आजारी निघाले मी. त्यांचा खोकला विडीचा होता. मला मात्र जिना चढून धाप लागलेली डॉक्टरांनी पाहिली, नळी माझ्या छातीला लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का, असं विचारलं. सुजले होते. त्या तापाने हृदयाची एक झडप खराब केली होती आणि आता ती नीट उघडत नव्हती. मुंबईला जाऊन ऑपरेशन करायचं. मी शाळामास्तरीण. अडकलेलं दार दिसलं की सुतार बोलवावा, एवढं मला कळतं.

घरी येऊन तयारीची यादी केली: रजेचा अर्ज, दोन पातळं, मुलींच्या वेण्या कोण घालणार. मग मुंबईच्या दवाखान्याचं पत्र आलं, त्यात माझ्या यादीत नसलेली एक गोष्ट होती. किडलेले दात आधी काढून दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी आणायची, कारण तोंडातली घाण रक्तातून झडपेवर जाऊन बसते. चिठ्ठी नाही तर ऑपरेशन नाही. माझी वरची एक दाढ किडलेली होती.

माझी छाती उघडणार हे ऐकून घरात कुणी हूं की चूं केलं नव्हतं. "शिकलेले डॉक्टर हायेत, बराबर करतील," एवढं बोलून दीर जेवायला बसले होते. दाढेचं कळल्यावर मात्र त्यांनी सगळ्यांना बैठकीत गोळा केलं. वरची दाढ काढली की डोळा जातो, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक.

"वहिनी, खालची असती तर मी बोललो नसतो."

"खालचीच किडायला पाहिजे होती, भाऊजी. माझं चुकलं."

नवऱ्याने मधला मार्ग काढला. "दाढ ऱ्हाऊ दे. बाकीचं करून घेऊ."

बाकीचं म्हणजे हृदय.

सगळ्यात मोठा आवाज सासूबाईंचा. सुपात तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "आंधळी सून घेऊन मी काय करू, माय?"

त्यांच्या तोंडात औषधालाही दात उरला नव्हता.

"आत्याबाई, तुमचे वरचे दात कुठं गेले?"

"काही पडले. काही न्हाव्यानं काढले."

"आणि तुमच्या चिमटीत काय आहे?"

त्यांनी चिमटीकडे पाहिलं. तिळाएवढा खडा होता. मला तर तो दिसतही नव्हता. दीर एकदम शेतातल्या कामाची आठवण होऊन उठले.

दुसऱ्या दिवशी टांग्यात सासूबाई माझ्या आधी जाऊन बसल्या. त्यांचं मन अजून मानत नव्हतंच. दाताच्या डॉक्टरने आधी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, मग दाढ काढली, जखमेवर कापूस दाबला आणि चिठ्ठी लिहिली.

परत येताना जुन्या जालन्याच्या बाजारात टांगा शिरला, तशा सासूबाई म्हणाल्या, "ती पाटी वाच."

दात आवळून मी वाचलं, "कापड दुकान."

त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी टांगेवाल्याला विचारलं, "बराबर का, भाऊ?"

"बिलकुल बराबर, अम्मा."

मग किराणा, मग भांडी, मग धान्याची आडत. बाजार संपेपर्यंत माझी परीक्षा चालली आणि टांगेवाल्याने मला प्रत्येक पाटीला पास केलं.

"चिठ्ठी कुठंय?" त्यांनी विचारलं. मी दाखवली. त्यांनी ती घेऊन आपल्या पानाच्या चंचीत खोचली. "तू हरवशील." सगळ्या घराच्या याद्या सांभाळणाऱ्या बाईला हे ऐकवलं.

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी माझा हात धरला. "मुंबईला मी येते. आत तुझं काळीज उघडून राह्यले, तर भाईर घरचं कुणी बसायला पाह्यजे का न्हाई?"

इतक्या दिवसांत काळजाचं नाव घरच्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. तोंडात कापूस होता, नाहीतर मी नक्की काहीतरी खोचक बोलले असते.

घरी पोचल्यावर यादीत एक लुगडं वाढवलं.