पहिला दगड दिसेपर्यंत

चिखलदऱ्याला जायचं आमचं ठरलं ते अकोल्यातल्या एका रेल्वे फाटकावर. फाटक बंद होतं आणि माझ्या स्कूटीवर मागे नसीम बसली होती. नसीम माझी शेजारीण, शिवणकाम करते. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात मी मेळघाटातल्या ओढ्यांबद्दल इतकं वाचलं होतं, की एक तरी ओढा स्वतःच्या पायांनी ओलांडावा असं वाटत होतं. शाळा माझी सातवीतच सुटली. पुढचं शिक्षण हे असंच चालू आहे. नसीम लगेच तयार झाली, फक्त शनिवारी रात्रीपर्यंत घरी पोचायचंच, अशी तिची अट होती. रविवारी दुपारी आमच्या गल्लीतल्या एका मुलीचा निकाह होता आणि तिच्या ओढणीला गोटा, म्हणजे जरीची किनार, लावायचं काम बाकी होतं. ते नसीमच्याच हातचं, कारण नसीमनं शब्द दिला होता.

आम्ही बोलत होतो तोवर तीन मोटारसायकली वाकून फाटकाखालून निघून गेल्या. माझे यजमान जाऊन तीन वर्षं झाली. फाटक लागलं की ते गाडी बंद करायचे आणि खिशातून फुटाण्यांची पुडी काढायचे. मी चिडायचे, की लोक पार होऊन चालले आणि तुमी काय फुटाणे खाऊन राहिले. ते शांतपणे म्हणायचे, "गाडी दिसत नाही म्हणजे येत नाही, असं थोडंच हाय?"

शुक्रवारी सकाळी एसटीनं निघालो. अकोट, अंजनगाव करत परतवाडा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे नसीम दर थांब्यावर काहीतरी खायला घेत होती. परतवाड्यात गरम कचोरी खाल्ली आणि घाटाची बस धरली. घाटात खिडकीच्या बाजूला बसा, पण पोट हलकं ठेवा. कचोरीचं मी अनुभवानं सांगते आहे. चिखलदऱ्यात साधी खोली मिळाली, गरम पाणी बादलीनं. संध्याकाळी धुक्यात उभं राहून रबडी खाल्ली. समोरचा माणूस दिसत नव्हता, रबडी मात्र दिसत होती.

शनिवारी सकाळी साडेसहाला वाट दाखवायला बाबूलालभाऊ आले. खालच्या गावातले कोरकू गृहस्थ, पन्नाशीचे, कमी बोलणारे. पावसाळ्यात ओढ्याच्या वाटेनं जायचं तर गावातला माणूस सोबत घ्याच, पाचशे रुपये वाचवू नका. धबधब्यापर्यंत तासाभराची वाट आणि मध्ये ओढा एकदाच ओलांडायचा. पाणी घोट्याएवढं, तळाचे खडे मोजता येतील इतकं स्वच्छ. आम्ही सवयीनं चपला हातात घेतल्या. भाऊंनी त्या परत घालायला लावल्या, कारण शेवाळलेल्या दगडावर अनवाणी पाय आधी निसटतो.

पलीकडे गेल्यावर त्यांनी पाट्याएवढे तीन दगड उचलून काठावर मांडले. एक पाण्याला लागून, दुसरा वीतभर वर, तिसरा त्याच्याही वर.

"हे काय, पूजा हाय का?" नसीमनं विचारलं.

"नाही बाई. येतानी आपल्याले सांगणारं कोणी पायजे ना."

धबधब्यापाशी लख्ख ऊन होतं. भाकर, ठेचा, नसीमचे शामी कबाब. आम्ही दोघी पन्नाशीच्या बाया गुडघाभर पाण्यात एकमेकींना भिजवत होतो. इतकी मी तीन वर्षांत हसले नव्हते. मग भाऊंनी हात पाण्यात घातला आणि उठा म्हणाले. पाणी जरा गढूळ झालं होतं आणि पालापाचोळा, काटक्या वाहत येत होत्या. तेवढंच.

परत ओढ्याशी आलो तर पहिला दगड दिसत नव्हता. दुसऱ्यावरून पाणी चाललं होतं. भाऊ खाली बसले.

पण नसीम बसेना. चारची बस चुकली असती. पाणी गुडघ्याच्या वर असेल, जास्त नाही. आणि आमच्याकडे थेंबही पडला नव्हता. काळ्या मातीतल्या आमच्यासारख्यांचं गणित साधं असतं, आपल्या वावरात पाऊस पडला तर आपला नाला भरतो. मलाही तेच वाटलं. मी सलवार वर खोचलीसुद्धा.

"इथं कुठं पाणी पडलं, भाऊ?" नसीम म्हणाली. "काहून बसवून ठेवता?"

भाऊंनी वर पठाराकडे बोट दाखवलं. तिथं आभाळ काळंभोर होतं. "तिथं पडून राहिलं. इथं येऊन राहिलं."

गाडी दिसत नाही म्हणजे येत नाही, असं थोडंच हाय. मी खोचलेली सलवार सोडली आणि नसीमचा हात धरून तिला खाली बसवलं. ती म्हणाली, "मैंने जबान दी है, समजून राहिली का तू?" मी म्हटलं, जबान पाळायला माणूस जिता लागते.

पाच-सात मिनिटांत ओढ्याचा आवाज बदलला. तिसरा दगडही बुडाला आणि आम्ही मागे सरकलो. सकाळी जिथून पार झालो तिथून सागाचं एक अख्खं खोड फिरत फिरत गेलं. त्यानंतर नसीमनं बसचं नाव काढलं नाही.

अडीच तास बसलो. माझ्या पिशवीत फुटाणे होते. ही सवय कधी लागली, मला आठवत नाही. नसीमच्या ओढणीला नेहमी सुई टोचलेली असते. तिनं भाऊंच्या शर्टाचं निघालेलं बटन लावून दिलं आणि उसवलेली बाहीही. भाऊ म्हणाले, त्यांच्या बायकोला आता संशय येईल. पाणी उतरलं, तिसरा दिसला, दुसरा दिसला. मी उठले, तर त्यांनी मान हलवली. पहिला दगड पूर्ण उघडा पडल्यावरच आम्ही काठी टेकत, एकेक करून पार झालो.

बस गेलीच होती. फोनला रेंज आल्यावर नसीमनं नवरीच्या आईला घाबरत घाबरत सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "गोट्याचं मरो, तू जिती हाय ना?"

रविवारी पहाटेची पहिली गाडी धरली. साडेअकरापासून नसीम ओढणीच्या एका पदराला आणि मी दुसऱ्याला बसलो. माझी बाजू जरा वाकडी झाली, पण नवरीनं ती आतल्या अंगाला घेतली.

काल पुन्हा तेच फाटक लागलं. मागून हॉर्न, शेजारून मोटारसायकली वाकून चाललेल्या. मी स्कूटी बंद केली. मागून नसीमचा हात माझ्या खांद्यावरून पुढे आला, तळवा उघडा. मी त्यावर फुटाणे ठेवले.