माफीचा फोन

चार वाचणारी माणसं एकत्र बसली की पुस्तकं बाजूला राहतात आणि किस्सेच साठत जातात. आमचं मंडळ चौघांचं. लातूरला अप्पांच्या कापडदुकानाच्या माडीवर रविवारी सकाळी जमतो. अप्पा मूळचे उदगीरचे, वाचनाचे भुकेले. नसीमा मॅडम नांदेडच्या एका वाचनालयात ग्रंथपाल. बालाजी मुखेडचा, एसटीत कंडक्टर. आणि मी, निवृत्त मास्तर, एका कथासंग्रहाचा लेखक. हे शेवटचं मला मुद्दाम सांगावं लागतं!

*

मंडळाचा नियम असा, की दर महिन्याला प्रत्येकानं एक नवा लेखक शोधून आणायचा. अप्पांनी बालाजीलाच शोधून आणलं. तिकिटं देऊन झाली की हा कंडक्टर मागच्या सीटवर वहीत काहीतरी लिहीत बसायचा. अप्पांनी वही मागितली, उदगीर येईपर्यंत वाचली आणि वर्षभरात बालाजीची कादंबरी छापून आली.

अप्पांच्या शेजारी मी त्याच्या कितीतरी आधीपासून बसतो! एकदा धीर करून म्हणालो, "अप्पा, माझंही एक पुस्तक आहे."

"हाय की सर, माझ्या कपाटातच हाय," अप्पा म्हणाले. "तुम्ही घरचे. आधी बाहेरचे नवे लेखक संपू द्या!"

*

बालाजीच्या प्रकाशनाला मुखेडला गेलो. टाळ्या वाजवल्या, हसून फोटो काढले, आतून नुसता जळत होतो. परत येताना तिरीमिरीतच गाडीतून उतरलो आणि गाडीच्याच दारात डाव्या हाताचा अंगठा सापडला. नख मधोमध फाटलं, ते आजतागायत दुभंगलेलंच आहे.

बालाजी भेटला की आधी अंगठा बघतो. "सर, माझ्यापायी लई लागलं तुम्हाला." त्याला काय माहीत कुठं कुठं लागलंय!

*

मग त्याच्या कादंबरीची पीडीएफ फुटली. कुणीतरी अख्खं पुस्तक मोबाईलवर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर सोडलं. बालाजी माडीवर येऊन म्हणाला, "सर, चोरलं लोकांनी माझं पुस्तक!" चेहरा मात्र मुलगा बोर्डात आल्यासारखा.

नसीमा मॅडम कडाडल्या, "ही चोरीच हाय. लेखकाच्या पोटावर पाय!"

अप्पा म्हणाले, "पण खेड्यात पुस्तकाचं दुकान न्हाई. माणसानं वाचायचं तरी कुठून?"

बराच वाद झाला आणि शेवटी मंडळानं ठराव केला. चोरीची पीडीएफ वाचलीच तर वाचणाऱ्यानं लेखकाला स्वतः फोन करून माफी मागायची. बालाजीनं हा ठराव आपल्या नंबरासकट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला. आणि फोन यायला लागले!

*

एकदा माडीवर असतानाच चाकूरहून फोन आला. बालाजीनं तो स्पीकरवर टाकला. एक नर्सबाई होती. "दादा, माफ करा, फुकटात वाचलं. पण ती म्हैस विकायला नेतेत ना, तिथं लई रडले बघा."

अप्पांनी डोळे पुसले. मी माझा मोबाईल चालू आहे का ते तपासलं. मला फोन येतात ते फक्त गुडघ्याच्या तेलाचे.

*

त्या पीडीएफमध्ये पानापानावर एक अंगठा आलेला. उजव्या हातात मोबाईल, डाव्या अंगठ्याखाली दाबलेलं पान. अंगठ्यावर मेंदी. बालाजी तो सगळ्यांना दाखवायचा. "बघा सर, कुणीतरी एकेक पान धरून बसलंय माझं."

खरं सांगतो, मला त्या अंगठ्याचाही हेवा वाटला.

न राहवून नसीमा मॅडमना विचारलं, "तुमच्या वाचनालयातून पुस्तकं चोरीला जातात का हो?"

"जातेत की! बालाजीभाऊचं दोनदा गेलं."

"आणि माझं?"

मॅडमनी माझ्या काळजीनं आवाज मऊ केला. "तुमचं एकदम सलामत हाय सर. कुणी हातसुद्धा लावला न्हाई!"

*

आणि मग एक दिवस कुण्या नतद्रष्टानं माझ्याही कथासंग्रहाची पीडीएफ केली! अनोळखी नंबरावरून ती तिघांच्याही मोबाईलवर येऊन पडली. मी संतापलो. मंडळाच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज लिहिला, लेखकाच्या घामाबद्दल, समाजाच्या अधोगतीबद्दल. शेवटी माझा नंबर दिला, न जाणो कुणाला माफी मागायची असली तर.

आठ दिवस फोन शेजारी ठेवून बसलो. कुणाचाच आला नाही.

रविवारी माडीवर गेलो तर अप्पांच्या मांडीवर कागदांचा गठ्ठा. मोबाईलवर वाचवत नाही म्हणून, कपाटातलं पुस्तक विसरून, त्यांनी सगळी प्रिंट काढून आणली होती. "सर, रात्रंदिवस वाचत बसलो," ते म्हणाले. "ती विहिरीची कथा दोनदा वाचली. शेजारी बसणाऱ्या माणसाला एवढं येतंय, आन् मला पत्ता न्हाई! फोनवर माफी काय मागायची, म्हणून समोरच मागावी म्हटलं. आधी सही द्या."

इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी बसलो होतो ते असं समोर आलं. मी पहिलं पान मांडीवर घेतलं, डाव्या अंगठ्यानं दाबून धरलं आणि पेन उघडलं.

"थांबा सर," अप्पा म्हणाले. "अंगठा हलवू नका."

बालाजी वाकला. नसीमा मॅडमनी चष्मा लावला. तिघंही एकदा माझ्या नखाकडं बघत होते, एकदा कागदावर छापून आलेल्या अंगठ्याकडं.

अप्पांनी चहाचा कप सावकाश खाली ठेवला.

"तर सर," ते म्हणाले, "आता फोन मी तुम्हाला करायचा, का तुम्ही तुम्हाला?"