बदकांच्या तळ्यावर

संस्थान विलीन झालं आणि शिकारीचं तळं सगळ्यांना खुलं झालं. तोवर आमच्यासारख्यांनी ते बांधावरून बघायचं, तेही राखणदार हाकलून देईपर्यंत. हिवाळ्यात दरबारचे पाहुणे मोटारींतून यायचे, दिवसभर बार वाजायचे आणि संध्याकाळी मेलेल्या बदकांच्या माळा टांगून मोटारी परत जायच्या. विलीनीकरणानंतर सरकारी परवाना काढला की कुणालाही तिथं बंदूक घेऊन जाता येऊ लागलं. अर्धं तळं मात्र पाखरांसाठी राखून ठेवलेलं. मध्ये उथळ पाण्यात चुन्यानं रंगवलेले दगड ओळीनं उभे केले होते. त्यांच्या पलीकडं बार काढायचा नाही, असा नियम. पाखरांनाही तो कळला असावा. पहिला बार झाला की सगळी उठायची आणि दगडांपलीकडं जाऊन बसायची.

या तळ्याचं वेड आमच्या दाजींना लागलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. कोडोलीचे शेतकरी. उसात रानडुकरं शिरतात म्हणून त्यांच्या वडिलांनी दुनळी बंदुकीचं लायसन काढलेलं, ते पुढं दाजींच्या नावावर झालं. माणूस मोठ्यानं बोलणारा, मोठ्यानं हसणारा. वाटेत भेटेल त्याला पावणं म्हणून हाक मारणारा. भीती फक्त पाण्याची. त्यांना पोहता येत नव्हतं आणि गुडघ्याच्या वर पाणी आलं की त्यांचा चेहरा उतरायचा. त्यामुळं पडलेलं बदक आणायला कुणीतरी लागायचं. ते काम माझ्याकडं आलं.

मी तेव्हा कोल्हापुरात एका छापखान्यात खिळे जुळवत होतो. दिवसभर खिडकीपाशी उभं राहायचं आणि शिशाची बारीक उलटी अक्षरं एकेक करून पट्टीत बसवायची. सुट्टीच्या दिवशी पाण्यात उतरायला मिळतं याचंच मला सुख. बंदूक मी कधी हातात घेतली नाही.

पौष महिना होता. दाजी आदल्या दिवशी आमच्याकडं मुक्कामाला आले होते. पहाटेच्या एस.टी.नं निघून फाट्यावर उतरलो आणि चालत तळ्यावर गेलो. धुकं इतकं की बांधावर उभं राहून पाणी दिसत नव्हतं, नुसता बदकांचा आवाज यायचा. राखणदारानं परवाना बघितला आणि म्हणाला, "जरा ऊन पडू द्या की. कायबी दिसंना झालंय."

"ऊन पडल्यावर पाखरं थांबत्यात व्हय?" दाजी म्हणाले.

आम्ही नेहमीच्या जागी, लव्हाळ्याच्या कडेला जाऊन बसलो. थोड्या वेळानं धुकं विरळ झालं आणि समोरच हळदीकुंकू बदकांची एक जोडी दिसली. चोचीवर पिवळा नि लाल ठिपका असतो म्हणून त्यांना हळदीकुंकू म्हणतात. दाजींनी बार काढला. एक पाखरू जागीच उलटं झालं, दुसरं जखमी होऊन लव्हाळ्यात घुसलं. ते आत फडफडत होतं.

मी धोतर वर खोचलं आणि पाण्यात उतरलो. "दाजी, थांबा हं. मी आत जातोय."

"जावा, जावा. हाय मी हितंच."

गाळात पाय रुतत होते. फडफड पुढं पुढं सरकत होती. मी तिच्या मागं वळसा घेत गेलो आणि कुठल्या बाजूला आलोय याचं भान राहिलं नाही. लव्हाळं माझ्या डोक्याच्या वर होतं. पाखरू हाताशी आलं, मी वाकलो, आणि तेवढ्यात माझ्या चाहुलीनं बाजूला दडलेला एक थवा पंखांचा मोठा आवाज करत उठला. मी दचकून सरळ झालो. थवा पाण्यालगतच गेला. दाजींना तो दिसला. मी दिसलो नाही.

दुखलं नाही. आधी फक्त तोंडावर गरम काहीतरी फेकल्यासारखं झालं. मग बार ऐकू आला, की आधी ऐकू आला होता, हे मला आजही सांगता येत नाही. मी खाली बसलो. पाणी छातीपर्यंत आलं. डोळे उघडे आहेत की मिटलेले, ते बघायला बोट लावलं, तर बोट चिकट झालं.

"दाजी," मी म्हणालो, "मला लागलंय."

त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. मग धपाधप पाणी वाजलं. पाण्याला घाबरणारा तो माणूस कमरेइतक्या पाण्यातून माझ्यापर्यंत आला आणि मला खांद्यावर घेऊन बाहेर निघाला. दोनदा आम्ही दोघंही पाण्यात पडलो. ते सारखं एकच म्हणत होते, "काय न्हाय झालेलं. काय न्हाय झालेलं."

राखणदारानं आपली बैलगाडी जुंपली. गाडीत कडबा टाकून मला निजवलं, तोंडावर दाजींचा ओला पटका बांधला. गाडी हलायला लागली तशा कळा सुरू झाल्या. डावा डोळा कुणीतरी आतून उचकटतंय असं वाटत होतं. पण कळांपेक्षा मला दुसरीच धास्ती होती. मी पटका वर सरकवला, पापण्या बोटांनी उघडल्या. काळं होतं.

"दाजी, ऊन पडलं का?"

"न्हाय अजून."

"धुकं हाय?"

"लई धुकं हाय. मलाबी कायच दिसत न्हाय बगा."

माझे हात कडब्यावर उघडे पडले होते. हातांवर ऊन लागत होतं, चांगलं कडक ऊन. त्यांनी मला पुढं काही विचारू दिलं नाही. गाडीवानाला, म्हणजे त्या राखणदाराला, ते शिव्या देत राहिले, बैलं हाण म्हणून ओरडत राहिले. मग त्याचेच पाय धरल्यासारखं मऊ बोलायचे, "दादा, जरा लवकर न्ह्या की."

फाट्यावर बाजाराला गूळ घेऊन जाणारा ट्रक मिळाला. ढेपांच्या राशीवर मला निजवलं. आजही नव्या गुळाचा वास आला की मी खोलीबाहेर जातो. शहर आलं ते मला आवाजांवरून कळलं. टांग्याची घंटा, मग भाजीवाल्या बायका. रोजचा रस्ता, आणि मी कुठं आहे ते विचारावं लागत होतं.

सरकारी दवाखान्यात, घरून आई धावत येऊन पोचेपर्यंत, डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. सरळ माणूस. आईला आणि दाजींना बाहेर न नेता माझ्यासमोरच म्हणाले, "डाव्यात छर्रा आत गेलाय. तो डोळा काढावा लागेल. ठेवला तर उजव्यालाही धोका आहे. उजव्यात रक्त साचलंय. ते निवळलं तर दिसेल."

"आणि न्हाय निवळलं तर?" आईनं विचारलं.

डॉक्टरांच्या बुटांचा आवाज दाराकडं जायला लागला, तशी दाजींची पावलं त्यांच्या मागं धावली. दारातलं बोलणं मला ऐकू येत होतं.

"डॉक्टरसायेब, माझा काडा की. ह्यो डावा काडा. त्येला बसवा."

"असं होत नाही हो."

"दोन्ही काडा. माझं काय काम न्हाय डोळ्यास्नी. नांगर मी असाबी धरीन."

"अहो, तसा डोळा बसवताच येत नाही कुणाला," डॉक्टर म्हणाले. "घरी जा. कपडे ओले आहेत तुमचे."

दाजी माझ्याकडं परत आले नाहीत.

डोळा काढल्यावर मला पाठीवर सरळ निजवलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. हलायचं नाही, खोकायचं नाही. नर्सनं बजावलं की रडायचंही नाही, रडलं की उजव्यावर ताण येतो. दिवस उगवलाय की मावळलाय हे दूधवाल्याच्या आणि झाडूवालीच्या आवाजावरून कळायचं. मी मनातल्या मनात खिळ्यांची पेटी मांडायचो. क कुठल्या खणात, रफार कुठल्या खणात. हात आपोआप हलायचे, आणि आई माझे हात दाबून धरायची.

हवालदार जबाब घ्यायला आला. भांडण होतं का, शेतीचा वाद होता का, मुद्दाम मारलं का, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं की धुकं होतं, मी लव्हाळ्यात होतो, त्यांना दिसलो नाही. खरं तेच सांगितलं. दाजींवर माझा राग नाही, असं मी आईला सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सांगितलं. राग होता. ऊन पडेपर्यंत थांबता आलं नाही त्यांना, एवढंच माझ्या डोक्यात सारखं फिरायचं. मग रागानं दात आवळले की डाव्या खोबणीतून कळ यायची.

एके दिवशी आक्का आली. ती कोडोलीहून एकटीच आली होती. माझ्या उशाशी बसली, गालाला हात लावला आणि पुटपुटली, "हे हितं न्हाईत?"

"कोडोलीला गेले न्हाईत?"

"न्हाईत की. तुला हितं आणल्यापास्नं घराकडं फिरकल्यालं न्हाईत. मला वाटलं, तुझ्याजवळ असतील." मग तिनं माझा हात घट्ट धरला. "बंदूक कुठं हाय रं?"

मला आठवेना. गाडीत बंदूक होती का? ट्रकमध्ये होती का? मी सगळा रस्ता आठवून बघितला, पण तो रस्ता मी बघितलेलाच नव्हता. माझं डोकं पिशव्यांच्या मधे अडकलेलं. आयुष्यात एवढा निरुपयोगी मी कधीच नव्हतो. उठून धावत जावं असं वाटत होतं आणि मला साधी मान वळवायची बंदी होती. सगळा राग कुठं गेला कोण जाणे. त्या माणसानं विहीर जवळ केली असेल, नाहीतर त्या दुनळीचा आणखी एक बार, एवढंच डोळ्यांपुढं येत होतं.

"तळ्यावर बघ," मी म्हणालो. "राखणदाराला इचार."

ती तशीच उठून गेली. आई तिच्या मागं दारापर्यंत गेली आणि परत येऊन खाटेच्या कडेला बसली. दुपार गेली. झाडूवाली येऊन गेली. कुणाच्या चपला वाजल्या की आई उठायची आणि पुन्हा बसायची.

संध्याकाळच्या दुधाच्या वेळेला आक्काचा आवाज आला. "आई, ह्यास्नी आणलंय बग. या, आत या."

दाजी बांधावर बसलेले सापडले होते. राखणदारानं पहिल्याच दिवशी बंदुकीतली काडतुसं काढून बंदूक पोलीस पाटलाच्या घरी पोचवली होती. दाजींनी मागितली तरी त्यानं ती कुठं आहे ते सांगितलं नाही. तो रोज भाकरी द्यायचा, ती दाजी तळ्यात माशांना टाकायचे. आक्कानं त्यांना सांगितलं, "त्यो तुमच्या नावानं हाका मारतोय, चला." मी तशा हाका मारल्या नव्हत्या. हे तिनं मला फार वर्षांनी सांगितलं.

ते खाटेपाशी उभे होते. गाळाचा आणि कुबट कापडाचा वास येत होता. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण श्वासही ऐकू येत नव्हता.

"दाजी," मी म्हणालो, "बसा की."

ते खाली फरशीवर बसले आणि खाटेच्या लोखंडाला कपाळ टेकून रडायला लागले. खाट हलायला लागली. नर्स धावत आली आणि ओरडली, "अहो, पेशंटला हलवू नका! आणि तुम्ही रडायचं नाही, सांगून ठेवते." मी ओठ चावून धरले. खाटेचं लोखंड हलत होतं आणि मला त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, तो पोचत नव्हता.

पट्टी काढली तेव्हा सगळं तांबूस गढूळ होतं. डॉक्टरांनी विचारलं, "किती बोटं?" मी अंदाजानं सांगितलं, ते चुकलं. घरी आल्यावरही कितीतरी दिवस तसंच. मी भिंत धरून चालायचो आणि आई ताटातलं कुठं काय आहे ते सांगायची. मग उन्हाळा लागता लागता एका सकाळी खिडकीचे गज दिसले. काळे, वाकडे, पण गज. मी ते कुणाला सांगितलं नाही. पुन्हा जातील अशी धास्ती होती. दुसऱ्या दिवशीही दिसले, तेव्हा आईला हाक मारली.

बारीक अक्षर मात्र परत आलं नाही. छापखान्याच्या मालकांनी मला ठेवून घेतलं आणि कुस्तीच्या मैदानांची पोस्टरं जुळवायला दिली. त्यांचे लाकडी खिळे हाताच्या पंजाएवढे असतात. तेवढं मला दिसायचं. तेवढ्यावर मी आयुष्य काढलं.

दाजींनी लायसन परत केलं. त्यांचा आवाज खाली आला तो आलाच. कोल्हापूरला आले की दूध, तूप, उसाच्या कांड्या घेऊन यायचे, पण माझ्याशी बोलायचे ते जमिनीकडं बघून. आणि बसायचे ते कायम माझ्या डाव्या अंगाला, जिकडचं मला दिसत नाही. आधी मला वाटलं, सहज बसत असतील. मग लक्षात आलं, ते जागा बघूनच बसतात. जेवायला बसलो की मला मान पुरती वळवून त्यांच्याशी बोलावं लागायचं. मी वळलो की ते आणखी मागं सरकायचे.

एकदा कोडोलीला त्यांच्या ओसरीवर आम्ही दोघंच होतो. मी उठलो आणि त्यांच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसलो. त्यांचा चेहरा मला कित्येक वर्षांनी समोरून दिसला. केस पांढरे झाले होते.

"दाजी," मी म्हणालो, "मला दिसताय की तुमी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, क्षणभरच. मग म्हशींना पाणी दाखवायचं राहिलंय असं काहीतरी म्हणाले आणि उठून गोठ्याकडं गेले.