परवान्याविना बातम्या

ग्रिम्सबीच्या गोदीमागच्या गल्लीत एनिड ट्रँटर पडदे ओढून, आवाज अगदी बारीक करून टीव्ही लावायची. चोरीच होती ती. इंग्लंडात घरी टीव्ही बघायलाही दरवर्षी पैसे भरून परवाना घ्यावा लागतो. पंच्याहत्तरी उलटलेल्यांना टीव्हीचा परवाना पूर्वी फुकट मिळे. मग वरच्यांनी सुधारणा केली आणि ती सवलत फक्त सरकारी मदतीवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांपुरती ठेवली. एनिडच्या नवऱ्याला, क्लिफला, गोदीची चिमूटभर पेन्शन होती. तेवढ्यावर दोघं सरकारदरबारी खाऊनपिऊन सुखी ठरली. सुखी, डोंबलाची! घर गरम ठेवलं तर परवाना नाही, आणि परवाना घेतला तर घर गार.

टीव्ही तिने केव्हाच देऊन टाकला असता. पण क्लिफची स्मृती पार विस्कटली होती आणि संध्याकाळच्या बातम्या देणारा माणूस त्याला आपला भाऊ रॉन वाटायचा. रॉन तरुणपणी मासेमारीच्या बोटीवर गेला तो परतलाच नाही. पडद्यावर तो माणूस दिसला की क्लिफ निवांत बसायचा. नाही दिसला, तर रॉनला शोधत थेट गोदीच्या काठाशी जायचा.

एका संध्याकाळी परवाना तपासणारा दारात उभा राहिला.

“आमच्याकडे टीव्ही नाही हो,” एनिड म्हणाली. त्याला आत घ्यायची सक्ती नसते, हे तिला ठाऊक होतं. तो जायला वळलाही.

“कोण आहे गं, एनिड?” आतून क्लिफ ओरडला. “बिचाऱ्याला बाहेर काय उभं केलंस? ये रे बाबा, आत ये! आमचा रॉन लागलाय बघ. चहा टाक गं!”

तपासनीस आत आला. टीव्हीकडे बघून त्याने मान खाली घातली.

“आता मला लिहावंच लागेल, बाई. कोर्टात जाईल हे.”

“माझं नाव लिहा. त्याला यातलं काही कळत नाही.”

तो गेल्यावर कोर्टाच्या धास्तीने एनिडने हिसका देऊन टीव्हीची वायर काढली.

“रॉन कुठाय?” क्लिफ उठला. “एवढ्या थंडीत घालवलंस त्याला?”

त्याने कोट चढवला. एनिड कडी लावून दाराला पाठ टेकून उभी राहिली. तो तिच्या खांद्यावरून दारावर मुठी आपटू लागला. “सोड मला! बुडेल तो!”

तिने खूप समजावलं, हातापाया पडली. शेवटी हरली आणि वायर पुन्हा लावली. आता सापडलो तर कोर्ट दयामाया दाखवणार नाही, हेही तिला कळत होतं.

क्लिफ कोटासकट खुर्चीत टेकला. त्याच्या पायाशी बसून एनिड हमसाहमशी रडू लागली.

“हळू रड गं,” तो म्हणाला. “रॉन बोलतोय ना.”